माझ्या कारकिर्दीत घटलेले गुन्हे

मी तरुणपणी पोलिसात होतो असं सांगितलं की लोक एकदा माझ्या छातीकडे बघतात आणि विषय बदलतात. त्यांचं काही चुकत नाही. महायुद्धाच्या दिवसांत सैन्यभरतीवाल्यांनी फीत लावून माझी छाती मोजली, परत मोजली, आणि फीतच आखडली असावी अशा शंकेनं तिसऱ्यांदा मोजून मला घरी पाठवलं. पोलीसभरतीत मात्र कुणीतरी माझं अक्षर पाहिलं. मॅट्रिक झालेला, वळणदार अक्षराचा आणि इंग्रजी येणारा शिपाई म्हणजे ठाण्याला लॉटरीच. ठाण्यात लिहिणाऱ्या शिपायाला रायटर म्हणत. बाविसाव्या वर्षी मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कोरड्या भागातल्या एका ठाण्याचा रायटर झालो. तालुक्याचं नाव सांगत नाही. ज्या बायांचं दुःख मी वहीत चुकीचं लिहिलं त्यांची नातवंडं अजून तिकडं नांदत असतील.

मी मूळ मिरजेचा. वडील शाळामास्तर. आमच्या घरात भाषा धुऊन, वाळवून, घडी घालून वापरायची पद्धत होती. शरीराला खांद्याच्या खाली काही असतं हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे. थोरली बहीण बाळंतपणाला आली तेव्हा मला सांगितलं गेलं की ताईला बरं नाही. पुढं पाळण्यात भाचा दिसला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आणि आजारातून एवढं गोंडस काहीतरी निघतं याचं मला बरेच दिवस नवल वाटत होतं. अशा तयारीनिशी मी जगातल्या यच्चयावत गुन्ह्यांची हकीकत लिहून घ्यायला बसलो.

चोरी, मारामारी, बांध कोरणं, बैल हाकलून नेणं हे मी झकास लिहीत असे. अडचण यायची ती बाईमाणूस तक्रार घेऊन आलं की. फार नाही, पण अधूनमधून अशी एखादी बाई यायची, खाली बघत सांगायला लागायची, आणि माझे कान तापायचे. ती बोलत असताना मी दौतीत टाक बुडवत बसायचो. मग तिनं सांगितलेल्यातला सोसवेल तेवढा भाग निवडून मी लिहायचो, 'घरात शिरून दंगा केला', 'बाचाबाची व झटापट झाली'. पुष्कळदा हे प्रकरण ज्यात पोलिसांनी आपणहून दखल घ्यायची नसते अशा किरकोळ गुन्ह्यांच्या वहीत जाऊन पडायचं. वाचून दाखवायचा नियम होता. मी तो भरभर, तोंडातल्या तोंडात पाळायचो. बाई अंगठा द्यायची आणि निघून जायची. तिची अब्रू आपण कागदावर येऊ दिली नाही याचं मला वर समाधान वाटायचं. स्वतःला मी फार सभ्य समजत होतो.

हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. ते दिवस चळवळीचे होते. ठाण्यातला निम्मा फौजफाटा फरारी लोकांच्या मागं डोंगरातून हिंडत असे आणि वरून येणारे सगळे हुकूम त्याबद्दलच असत. आमचे फौजदार पेन्शनीला टेकलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. उरलेली दोन वर्षं कागद स्वच्छ राहावेत एवढीच त्यांची इच्छा होती, आणि कागद स्वच्छ ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

वर्षाअखेरीला जिल्ह्याचा अहवाल तयार करायला चांगल्या अक्षराची माणसं साताऱ्याला बोलावत. त्या वर्षी माझी वर्णी लागली. तिथल्या हेडक्लार्कांनी माझ्यापुढं एक भलामोठा तक्ता ठेवला. डावीकडे तालुके, वर गुन्ह्यांचे प्रकार. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या रकान्यात आमच्या तालुक्यापुढं शून्य होतं. आदल्या वर्षी तसं नव्हतं, त्याच्या आदल्या वर्षी तर मुळीच नव्हतं. कोयनेच्या बाजूच्या एका तालुक्याचा आकडा मात्र दरसाल वरच.

हेडक्लार्क म्हणाले, आकडे काय कुणीही लिहील, त्यामागचं कारण सांगता आलं पाहिजे. कचेरीत दोन दिवस कारणांचाच बाजार भरला. एकजण म्हणाला, पश्चिमेकडे रान दाट, घरं लांबलांब, कुणाची हाक कुणाला ऐकू जात नाही. दुसरा म्हणाला, तिकडचे पुरुष मुंबईला गिरणीत, बाया एकट्या. पूर्वेचं काय, यावर सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी पूर्वेचा तज्ज्ञ. मी एका संध्याकाळी बसून इंग्रजीत एक परिच्छेद लिहिला. कोरडी हवा, ज्वारीचा साधा आहार, मेंढरांमागं दिवसभराची चाल आणि उघड्या माळामुळे लाभलेली मोकळी दृष्टी यांच्या योगानं पूर्वभागातली माणसं स्वभावतःच संयमी असतात, असा त्याचा मथितार्थ. संयमाला मी इंग्रजीत एक फार भारी शब्द घातला होता. हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला आणि एक अक्षर न बदलता अहवालात घेतला. मी परतताना मोटारीत खिडकीशी बसून उघड्या माळाकडे असा बघत होतो, जणू त्याला शील मीच मिळवून दिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी दोन बाया ठाण्यात आल्या. एक तिशी ओलांडलेली, दुसरी तिची सासू. मेंढपाळांच्या एका वस्तीवरून सकाळपासून चालत आल्या होत्या. सुनेचा नवरा मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या शेतांत खतासाठी बसवायला गेलेला होता. वस्तीचं पाणी आटलं की दोघी जवळच्या गावातल्या एका बऱ्या खात्यापित्या माणसाच्या विहिरीवर जात. चार दिवसांपूर्वी त्या माणसानं तिला विहिरीजवळच्या खोपीत ओढून नेलं होतं. काय झालं ते तिनं सरळ सांगितलं. ती खाली बघत नव्हती, त्यामुळे मलाच खाली बघावं लागलं.

मी लिहिलं. अर्ध्या पानात आटोपलं. अंगठ्याची शाई पुढं सरकवली.

"वाचा की," ती म्हणाली.

मी नेहमीच्या घाईनं वाचलं. विहिरीवर पाणी भरण्याच्या कारणावरून उभयतांत बाचाबाची होऊन झटापट झाली, वगैरे.

"थांबा. बाचाबाची म्हंजी काय?"

"भांडण."

"आमचं भांडान झालं न्हाई. भांडाया दोन मानसं लागत्यात." तिनं वहीकडे बोट केलं. "म्या सांगितलं ते तुमी ऐकलं न्हाई का?"

मी ऐकलं म्हणालो. मग तिनं विचारलं, तसं लिहिलं का नाही. मी तिला माझ्या चांगल्या आवाजात समजावलं की, बाई, असले शब्द सरकारी कागदावर बरे दिसत नाहीत, उद्या दहा माणसं वाचणार, तुमच्याच अब्रूचा प्रश्न आहे.

"त्यानं केलं त्ये तरी कुटं बरं व्हतं?" ती म्हणाली. "अंगठा माजा हाय. माज्या अंगठ्याच्या वर माजंच पायजे. हे दुसऱ्या कुनाचं तरी हाय."

सासू इतका वेळ भिंतीला टेकून पाय दाबत बसली होती. ती अगदी मायेनं म्हणाली, "लेकरा, तुला लाज वाटत आसंल तर तू भाईर जाऊन बस. दुसरं कोन लिवनारं आसंल त्येला बलीव."

दुसरं कुणी नव्हतं. सगळे फरारींच्या मागं गेले होते, आणि उरलेल्या एका शिपायाला सहीपुरतं लिहिता येत होतं. तक्रारवहीच्या पानांवर छापील आकडे असत, पान फाडायची सोय नव्हती. मी अर्धं पान आडव्या रेघेनं खोडलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. हे मला आजही टोचतं. तिला ते सगळं दुसऱ्यांदा बोलावं लागलं, कारण पहिल्यांदा मी दौतीत टाक बुडवत बसलो होतो.

या वेळी तिच्या तोंडचा शब्द अन् शब्द लिहिला. एका शब्दापाशी मी अडलो. तो मी जन्मात लिहिला नव्हता, आणि त्यातला उकार ऱ्हस्व की दीर्घ हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शुद्धलेखनात पहिला येणारा मी, एका मेंढपाळ बाईसमोर एका अक्षरावर घाम पुसत बसलो. शेवटी दीर्घ लिहिला. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज दोन ठिकाणी फाटला. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "व्हय. ह्ये माजं हाय." आणि अंगठा दिला.

संध्याकाळी फौजदार आले. त्यांनी वही वाचून मिटली. मग म्हणाले की गेल्या साली आपल्याकडे असलं काही घडत नाही असं छापून गेलंय, तेही तुझ्याच हातचं. अजून कागद आपल्याकडेच आहेत, त्या बाईला परत बोलावून जरा सौम्य भाषेत घेता येईल का ते बघ. इथं मी बाणेदारपणे काहीतरी बोललो असेन असं तुम्हाला वाटत असेल तर माझी फीत आठवा. मी एवढंच म्हणालो की नक्कल दुपारच्या टपालानं मॅजिस्ट्रेटकडे गेली. नियम तसा होता आणि नियम मोडायची मला भीती वाटे. माझ्या आयुष्यातल्या त्या एकुलत्या एका धैर्याचं श्रेय पोस्टमनला आहे.

फौजदारांबद्दल मात्र सांगायला हवं. कागद गेलाय म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी घोड्यावर बसून स्वतः त्या गावाला गेले, खोपीचा पंचनामा केला, आणि विहीरवाल्याला घेऊनच परतले. गावच्या चार वजनदार माणसांनी रदबदली केली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि सोडून दिली. पेन्शनीत निघायच्या आधीचं त्यांचं ते शेवटचं मोठं काम. चांगलं केलं.

मी जुन्या वह्या काढल्या. माझ्या अक्षरातल्या सगळ्या बाचाबाची, सगळ्या झटापटी शोधल्या. किती निघाल्या ते सांगत नाही. पण एकेक नोंद वाचताना ती बाई, तिनं पदर कुठं धरला होता, सोबत कोण होतं, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. म्हणजे मी ऐकलं होतं. फक्त लिहिलं नव्हतं. तक्त्यातलं ते शून्य माळाच्या हवेनं आणलेलं नव्हतं, ते माझ्या टाकातून उतरलं होतं.

माझ्या आधीचा रायटर म्हणजे एक म्हातारा हवालदार. निवृत्त होऊन जवळच्याच गावी राहत होता. त्याच्या वह्या मोडीत, वेड्यावाकड्या, बोलल्यासारख्या लिहिलेल्या. मी रुजू झालो तेव्हा त्या बघून खूप हसलो होतो. आता त्याच्याकडे गेलो. तो गोठ्यापाशी दावं वळत बसला होता. मी विचारलं, तुम्ही असल्या तक्रारी कशा लिहीत होता? त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "मला कुटं तुमच्यावानी मराठी येत हुतं? आपल्या पदरचं घालाया काय न्हवतंच. त्या म्हनतील तसं लिवायचो." आणि दावं वळत राहिला. माझं मराठी चांगलं आहे असं तो समजत होता. मी दुरुस्ती केली नाही.

वह्यांतल्या पहिल्या बाईकडे जायचं मी ठरवलं. माफी मागावी, तिची इच्छा असेल तर नव्यानं लिहून घ्यावं, असं मनात होतं. ती विधवा होती, भावाकडे राहायची. भाऊ घरी भेटला. मी पोशाखात नव्हतो, तरी त्यानं ओळखलं. ती आता इथं राहत नाही म्हणाला. कुठं असते ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग तोच म्हणाला की ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो माणूस गावात सांगत हिंडतो, सरकारनंच भांडण म्हणून लिहिलंय. "त्येच्याकडं कागुद हाय. आमच्याकडं काय हाय?" त्यानं मला तांब्याभर पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि जे बोलायला गेलो होतो ते न बोलता परत आलो. चार मैलांच्या वाटेत मी माफीची पाच-सहा सुंदर वाक्यं तयार केली होती.

त्या वर्षाअखेरीला आमच्या तालुक्याचा आकडा वाढला, कारण त्या बाईनंतर जी कुणी आली तिचं मी जसंच्या तसं लिहीत गेलो. साताऱ्याहून विचारणा आली की अचानक वाढीचं कारण कळवा. मी चार पानी उत्तर लिहिलं. गुन्हे वाढलेले नाहीत, आधीचे मी लिहिले नव्हते, असं त्यात स्पष्ट होतं. हेडक्लार्कांनी मला बोलावून घेतलं. ते रागावलेले नव्हते, काळजीत होते. तुझा तो कोरड्या हवेचा परिच्छेद छापून विलायतेपर्यंत गेलाय, त्याचं आता काय करू, असं त्यांनी विचारलं. मग स्वतःच तोड सुचवली, यंदा तुमच्याकडे पाऊस जरा जास्त झाला का? मी झाला नाही म्हणालो. शेवटी अहवालात 'विशेष कारण आढळत नाही' असं छापलं आणि माझी चार पानं फायलीत गेली. उठताना मी त्यांना सहज विचारलं की कोयनेकडच्या त्या तालुक्यात रायटर कोण आहे. आहे एक जुना हवालदार, ते म्हणाले, अगदीच अडाणी. त्या तालुक्यातल्या रानाला आम्ही कचेरीत बसून केवढी दूषणं दिली होती.

खटला साताऱ्याला उभा राहिला. दोघी सासूसुना आणि मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून आलेला नवरा, असे तिघे चालत आणि मोटारीनं आले होते. त्या विहिरीचं पाणी त्यांना अर्थातच बंद झालं होतं, आता त्या दुप्पट अंतरावरच्या ओढ्यात झिरा खोदून पाणी आणत. विहीरवाल्यानं नामांकित वकील दिला होता. त्या वकिलानं सगळी मदार एकाच गोष्टीवर ठेवली, माझ्या खोडलेल्या अर्ध्या पानावर. त्याचं म्हणणं, बाईनं आधी भांडण सांगितलं, मग तासाभरात कुणाच्या तरी सांगण्यावरून हकीकत फिरवली. ही बघा, खोडाखोड समोर आहे.

मला साक्षीला उभं केलं. समोर ती बाई बसली होती, शेजारी नवरा मांडीवर घोंगडं घेऊन. वकिलानं विचारलं, वरचा मजकूर कुणाचा? मी माझा म्हणालो. म्हणजे तुमच्या हातचा, हे आम्हीही म्हणतो, पण सांगितला कुणी? मी म्हणालो, कुणीच नाही, मीच रचला. बाईनं पहिल्यापासून एकच सांगितलं होतं. वकील हसला. त्यानं विचारलं, एक शिकलेला पोलीस, बाई सांगते एक आणि लिहितो दुसरं, यावर कोर्टानं विश्वास ठेवावा?

तेव्हा न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "का लिहिलंत तसं?"

"लाज वाटली, साहेब," मी म्हणालो.

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी विचारलं, असं पहिल्यांदाच केलं का. मी नाही म्हणालो. या आधीही केलं, पुष्कळदा. जुन्या वह्या मी सोबत आणल्या होत्या, त्याही पुढं केल्या. भरल्या कोर्टात मी माझ्या अक्षरातल्या त्या सभ्य नोंदी एकामागून एक वाचून दाखवल्या. सगळ्यांत तेच शब्द, तोच क्रम. इतक्या वेगवेगळ्या गावांतल्या बाया तोंडपाठ एकच वाक्य बोलत असतील हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. वकील खाली बसला.

विहीरवाल्याला शिक्षा झाली. मला वरून कडक शब्दांत ताकीद आली आणि एक वेतनवाढ थांबली. जुन्या नोंदींपैकी एकही प्रकरण पुन्हा उभं राहिलं नाही. बायाच आल्या नाहीत. मी बोलावणी धाडली होती, पण मीच बोलावल्यावर त्या कशाला येतील?

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर चिंचेखाली ती तिघं भाकरीचं फडकं सोडून बसली होती. मी मुद्दाम त्या बाजूनं गेलो. ती काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं, काय ते नीट ठाऊक नव्हतं. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "आवं रायटर, आपल्याकडची मोटार कवा हाय?"

मी साडेतीनला म्हणालो. मोटार तीनलाच सुटून गेलेली होती. अड्ड्यावर गेल्यावर त्यांना कळलं असेल. सासू त्या उन्हात मला काय म्हणाली असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.